आखाजी अजून चालू आहे

"सरका, जागा होते!"

हे वाक्य कानावर पडल्याशिवाय आमच्या कॉलनीत कोणाचा दिवस जायचा नाही. बोलणारी बाई उंचीनं बेताची, अंगानं भरलेली, आणि आवाज असा की धुळ्याच्या बसस्टँडवरचा भोंगा बंद पडला तर एकटीनं काम भागवावं. लग्नाची पंगत असो, दवाखान्यातलं बाकडं असो की सत्यनारायणाची पूजा, ती आली की आधी समोरच्या लोखंडावर, लाकडावर, काहीच नसलं तर भिंतीवर बोटातल्या अंगठीनं टकटक करायची, आणि मग हे वाक्य. माणसं खरंच सरकायची. जागा खरंच व्हायची.

बाई एस.टी.त कंडक्टर होती. तुमच्याही कॉलनीत असं एखादं माणूस असेल, ज्याला सगळे घाबरतात आणि अडचण आली की सगळे त्याच्याच दाराशी जातात. आमच्याकडे ते माणूस म्हणजे ही. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मात्र पिंपळनेरच्या गाडीत. बाजाराचा दिवस, गाडी ठेचून भरलेली. पांढऱ्या कपड्यांतले एक वजनदार गृहस्थ खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या सीटवर त्यांची खताची गोणी बसली होती. एक म्हातारी दांडा धरून लोंबकळत होती. अक्कानं गोणी उचलायला सांगितली. गृहस्थ म्हणाले, "मला ओळखलं नाही वाटतं?"

"ओळखलं ना," अक्का म्हणाली, "पण गोणीला नाही ओळखत." आणि तिनं घंटीची दोरी एकदा ओढली.

एक घंटी म्हणजे थांबा. गाडी भर उन्हात रस्त्याच्या कडेला थांबली. अक्का आपल्या जागेवर जाऊन बसली आणि पदरानं वारा घ्यायला लागली. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. हिनं त्याला मानेनं सांगितलं, बस निवांत. आत भट्टी पेटल्यासारखं झालं. आधी लोक अक्काला बोलले, मग हळूहळू त्यांचा राग गोणीकडे वळला, आणि शेवटी गोणी गृहस्थांच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये गेली. म्हातारी बसली. मग दोन घंट्या.

पुढे मी या कॉलनीच्या तोंडाशी औषधाचं दुकान टाकलं आणि बघतो तर समोरच्या गल्लीत हीच बाई. मला तिनं ओळखलं वगैरे काही नाही. कोणाचं नाव तिच्या लक्षात राहायचंच नाही. प्रवाशाला गावाच्या नावानं हाक मारायची तिची सवय होती, "ए साक्री, उतर!" तीच तिनं कॉलनीत चालवली. मी मेडिकल. माझ्या शेजारचे बँक. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई ब्लाउज. आणि कॉलनीच्या मंडळाचे सेक्रेटरी, ते सेक्रेटरी. स्वभावानं सरळ, हिशेबी माणूस. मोठ्या माणसांसमोर मात्र त्यांचा आवाज बसायचा.

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक ओपन स्पेस आहे. नकाशावर तिला हिरवा रंग दिलेला होता. प्रत्यक्षात तिथं ज्याच्या त्याच्या घराच्या बांधकामाचा राडारोडा, कमरेएवढं गाजर गवत आणि डुकरं. एका कडेला जुना निंब. ही सगळी जमीन शेत होती तेव्हाचा, बांधावरचा. बाकी कॉलनीभर झाड म्हणून जे होतं ते कुंडीत होतं. आणि आमच्या धुळ्याचं ऊन! वैशाखात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. घराघरात कूलर घोंगावतो आणि बाहेर सगळं सामसूम.

अक्का रिटायर झाली. डेपोत हारतुरे झाले, साडी-नारळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा आणि फावडं घेऊन ओपन स्पेसमध्ये उतरली. आम्ही सगळे गच्चीवरून, गॅलरीतून बघत होतो. बघण्याच्या कामात आमची कॉलनी कोणाला हार जायची नाही. बाई गाजर गवत उपटत होती आणि शिंकत होती, शिंकत होती आणि उपटत होती. उन्हं चढली तशी ती बाहेर आली आणि एकेका गेटवर अंगठी वाजवत निघाली.

माझ्या काउंटरवरही टकटक झाली. "मेडिकल, शटर ओढ."

"अक्का, गिऱ्हाईक येतं."

"आजारी माणूस अर्धा घंटा थांबला तर मरत नाही. तू तर उधारीवाल्याला दिवसभर थांबवतो. चाल."

मी गेलो. बँक आले. ब्लाउजबाई आल्या. सेक्रेटरी नाकाला रुमाल बांधून आले आणि सूचना देऊ लागले. अक्कानं त्यांच्या हातात घमेलं दिलं. त्या दिवशी संध्याकाळी हात सोलवटले होते आणि बायको मला हसत होती, पण खरं सांगतो, कॉलनीत राहायला आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की आपण इथं फक्त भाड्यानं झोपत नाही.

मी एकदा विचारलं, "अक्का, आता आराम करायचा तर हे काय घेऊन बसलात?"

ती म्हणाली, "सगळी नोकरी लोखंडाच्या पेटीत गेली रे. खालून इंजिन, वरून ऊन. तेव्हाच ठरवलं होतं, रिटायर झाले की झाडाखाली बसायचं. हा प्लॉट घेतला तो त्या निंबाकडे बघून. घर काय, कुठेही बांधता येतं."

झाडं आणली. निंब, करंज, चिंच, बहावा. पावसाळ्यात लावली, दिवाळीपर्यंत पोपटी दिसली आणि मग पाण्याचा प्रश्न आला. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरात सण असतो. आणि त्या दिवशी प्रत्येक घरातली बाई आधी काय करते? टाक्या, पिंपं, हंडे, सगळं साठवलेलं पाणी रस्त्यावर ओतून देते. का? तर ते शिळं झालं. तुम्ही हसाल, पण आमच्या खान्देशात ज्या गावात पाणी मिळत नाही, त्याच गावात ते शिळं होतं.

नळाच्या दिवशी अक्का गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. रागावली की तिची शहरी भाषा गळून पडायची आणि एरंडोलकडचं माहेर बाहेर यायचं.

"पानी कधी शिळं व्हस का वं? भाकर शिळी व्हस! खबरदार कोनी रस्तावर ओतं ते! बठ्ठं पानी झाडले!"

सगळं पाणी झाडाला. बायकांनी हुकूम पाळला. कॉलनीतल्या यच्चयावत घरांनी आपापली पिंपं एकाच वेळी, एकाच तासात झाडांच्या आळ्यांत रिकामी केली. बिचारी वीतभर रोपं गळ्यापर्यंत बुडाली. मग पुढचं पाणी येईपर्यंत माती तडकून कोरडी, आणि नळ आला की पुन्हा महापूर. थोड्याच दिवसांत निम्मी रोपं काळी पडून आडवी झाली.

कोणी म्हणालं नाही, पण अक्काच्या हुकमानंच ती मेली होती. सेक्रेटरींनी मात्र संधी साधली. "अक्का, मी म्हणत होतो ना, इथं झाडं जगत नाहीत."

अक्का मेलेल्या चिंचेजवळ उकिडवी बसली होती. उठली, हात झटकले. "सेक्रेटरी, झाडं जगतात. मला अक्कल नव्हती. आता आली. परत लावू."

एवढंच. रडारड नाही, लपवाछपवी नाही. मग तिनं नवा कायदा केला: नळ आला तरी जुनं पिंप ओतायचं नाही. गेटबाहेर ठेवायचं, आणि त्यातली बादली-बादली रोज संध्याकाळी आपल्या वाटच्या झाडाला घालायची. ऐकायला सोपं वाटतं. पण नवं पाणी घरात आलेलं असताना शिळं पिंप दाराशी उभं ठेवणं म्हणजे आमच्या बायकांना खरकटं भांडं चुलीवर ठेवण्यासारखं. माझ्याच घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता. अक्का दारोदार बसली, भांडली, चहा पिऊन आली, पुन्हा भांडली. हळूहळू गेटागेटापुढे निळी पिंपं उभी राहिली. पाहुणे विचारायचे, हे काय? आम्ही ऐटीत सांगायचो, शिळं पाणी.

झाडं धरली. बहाव्याला पहिल्यांदा फूल आलं तेव्हा ब्लाउजबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. संध्याकाळी निंबाखाली खुर्च्या पडू लागल्या. ज्यांचं एकमेकांशी पार्किंगवरून कोर्टात जायचं बाकी होतं, ते शेजारी शेजारी बसून शेंगा खाऊ लागले.

आणि मग हॉल आला.

आमच्या भागात एक पुढारी आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. जागा स्वच्छ झालेली, सपाट झालेली, लोक येऊन बसतायत, हे त्यांच्या नजरेत भरलं. एका संध्याकाळी चार गाड्या घेऊन आले आणि जाहीर केलं: निधी मंजूर झालाय, इथं भव्य सभागृह बांधू. पत्र्याचं छप्पर, खाली फरशी, कडेनं स्टेज. निंब तेवढा बरोबर स्टेजच्या जागी येतो, तो काढावा लागेल. बाकीची झाडं कुंड्यांत हलवू.

आता खरं सांगायचं तर कॉलनीतल्या पुष्कळांना हॉल हवा होता. बारसं, साखरपुडा, दहावं, प्रत्येक वेळी लॉन शोधत फिरावं लागतं. सेक्रेटरी तर आनंदानं टाळ्या वाजवत होते. त्यांच्या मनात नातवाच्या वाढदिवसाचा मांडव उभाही राहिला होता.

टाळ्या थांबल्यावर अक्कानं खुर्चीच्या पाठीवर अंगठी वाजवली.

"दादा, हॉलला कुलूप राहील का?"

"राहणारच ना अक्का. एवढी मालमत्ता."

"चावी कोणाजवळ राहील?"

दादा हसले. त्यांच्या मागचे लोकही हसले.

"निंबाला कुलूप नाही," अक्का म्हणाली. "म्हणून तो राहील."

"अक्का, तुम्ही वयानं मोठ्या आहात, पण विकासाच्या आड येऊ नका."

"मी आडच येते. आयुष्यभर दारातच उभी होते."

दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण ते गेले आणि जाताना सेक्रेटरींच्या खांद्यावर हात ठेवून गेले. कामगार आखाजी झाली की येतील, असा निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात. आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, आणि झाडाला बांधलेला झोका. सासुरवाशीण झोक्यावर बसली की तिला कोणी काम सांगत नाही, कोणी उठवत नाही. बापसुद्धा नाही. पुरुषांनाही त्या सणात उघड पत्ते खेळायची मुभा असते, आणि आम्ही ती कधी वाया घालवत नाही.

अक्काची मुलगी सुरतला दिलेली. ती आली. त्या वर्षी अक्कानं निंबाच्या आडव्या फांदीला जाड दोराचा झोका बांधला आणि मुलीला बसवलं. कॉलनीभरच्या लेकी आल्या. गाणी झाली, खिदळणं झालं. सण संपला. झोका तसाच राहिला.

दोन दिवसांनी टेम्पो आला. करवतीचं मशीन, दोर, चार माणसं आणि त्यांचा मुकादम, साक्रीकडचा. निंबाखाली येऊन बघतो तर झोक्यावर अक्काची मुलगी बसलेली, पायानं हळूच झोका देत. अक्का शेजारी खाटेवर लसूण सोलत होती.

"अक्का, झोका सोडा. आमले काम शे," मुकादम म्हणाला.

"मी नही सोडस. तू सोड. पन मनी आंडेर बठेल शे, पहिले तिले उठाड."

आंडेर म्हणजे लेक. मुकादमानं झोक्याकडे पाहिलं. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. मी काउंटर सोडून आलो होतो. एका माणसानं नुसतं मशीन सुरू केलं असतं तर आम्ही काय करणार होतो?

मुकादमानं मशीन टेम्पोत ठेवलं. "माले बी बहिनी शेतस, अक्का. आखाजीना झोकाले मी हात नही लावस."

आणि तो सावलीत बसला. अक्कानं त्याला पुरणपोळी वाढली. थोड्या वेळानं त्याचा फोन वाजला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. मुकादम शांतपणे म्हणाला, "मी काय करू साहेब? झोका खाली नही. खाली व्हई तव्हय दखसूत."

त्या दिवसापासून झोका खाली, म्हणजे रिकामा, राहिला नाही. अक्कानं पाळ्या लावल्या नाहीत, यादी केली नाही. नुसती अंगठी वाजवत गल्लीतून फिरली. ज्या लेकी सासरी निघाल्या होत्या त्यांनी पिशव्या पुन्हा सोडल्या. माझी बहीण चोपड्याला जायची थांबली. ज्यांची मुलगी परगावी होती त्या आया स्वतः बसल्या; त्याही कोणाच्या तरी लेकीच होत्या. आम्ही पुरुष खाली सतरंजी टाकून पत्ते कुटत होतो. आखाजीला पत्ते चालतात, आणि आखाजी तर चालू होती.

सुरतहून जावयाचा फोन आला. अक्कानं तो स्पीकरवर टाकला.

"आई, आखाजी तर व्हई गयी ना?"

"तठे व्हई गयी व्हई, जवाईबापू. आठे आजून चालू शे."

सगळे पोट धरून हसले. सेक्रेटरी तेवढे दूर उभे होते. त्यांची नाशिकला दिलेली मुलगी आलेली होती आणि त्या वेळी नेमकी तीच झोक्यावर होती. ते तिला घरी न्यायला आले होते. दादांनी त्यांना फोनवर काय सुनावलं असेल ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जवळ आले, "चल बेटा," म्हणाले. मुलगी झोका घेत राहिली. म्हणाली, "पप्पा, माझ्या लहानपणी इथं झाड असून झोका नव्हता. आता आहे तर बसू द्या ना."

सेक्रेटरी चपला काढून सतरंजीवर टेकले. आम्ही त्यांना पानं वाटली. ते वाईट खेळतात.

दादा स्वतः दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा गोड बोलले, दुसऱ्यांदा नाही. "तुम्हाला एकेकाला बघून घेईन," म्हणाले. अक्का झोक्याच्या दोराला धरून उभी होती. ती म्हणाली, "बघा ना. आम्ही आठेच शेतस." शेवटी निधी पडून राहील म्हणून हॉल दुसऱ्या कॉलनीत गेला. तिथं निंब नव्हता, आणि अक्काही नव्हती. मग मुली आपापल्या घरी गेल्या.

एवढं भांडणारी बाई, पण गोळी घ्यायची म्हटलं की लहान मुलासारखी करायची. मी बी.पी. मोजायचो, ती म्हणायची, "तुझ्या मशीनला बी.पी. आहे, मला नाही." मी गोळ्यांची पट्टी पिशवीत कोंबायचो, ती दुसऱ्या दिवशी ती ब्लाउजबाईंना देऊन टाकायची. मी रागवायचो. मला तिची काळजी वाटायची, आणि तिला काळजी केलेली चालत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. सकाळी झाडांना पाणी घालून घरात आली, चहा ठेवला आणि तिथंच बसली. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून ब्लाउजबाई आत गेल्या. मी माझं सगळं दुकान गळ्यात बांधून पळालो असतो तरी उपयोग नव्हता. मी तिच्या ओट्यावर बसून हमसून रडलो. कोण बघतंय याची लाज वाटली नाही.

शोकसभा निंबाखालीच ठेवली. प्रत्येकानं घरून आपापली खुर्ची आणली. डेपोतले तिचे जुने सोबती आले, पिंपळनेरकडची काही माणसं आली. तिचा हार घातलेला फोटो एका स्टुलावर होता. आणि दादा आले. माईकही त्यांनीच पाठवला होता.

ते छान बोलले. मतभेद होते पण मनभेद नव्हते, अक्का म्हणजे आमच्या मातोश्री, वगैरे. आम्ही खाली मान घालून ऐकत होतो. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे टिपले आणि म्हणाले, "अक्कांची आठवण चिरंतन राहावी म्हणून मी आज शब्द देतो. याच जागेवर त्यांच्या नावानं सभागृह उभं राहील."

त्यांच्या मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, कोणीतरी माझ्या तोंडात मारली. अक्काच्या मुलीनं फोटोकडे पाहिलं आणि तोंड पदरात घातलं. आता कोण बोलणार? बोलणारी तर फोटोत होती.

सेक्रेटरी उठले.

"दादा, अक्का इथं बसलेल्या असत्या तर तुम्ही हे बोलला असतात का?"

दादा हसायला गेले. "अहो, सेक्रेटरी..."

"नसता बोलला. मग आताही बोलू नका."

बसलेल्या आवाजातच बोलले ते, पण माईकनं तो कॉलनीभर नेला. मग ते पुढे गेले, स्टुलावरचा अक्काचा फोटो उचलून काखेत धरला, दुसऱ्या हातात आपली खुर्ची घेतली आणि घराकडे चालू लागले. ब्लाउजबाईंनी खुर्ची उचलली. बँकांनी उचलली. मी उचलली. मग सगळ्यांनी. कोणी घोषणा दिली नाही, कोणी मागे वळून पाहिलं नाही. प्लास्टिकच्या खुर्च्यांचा खडखडाट तेवढा गल्लीगल्लीत पांगत गेला.

मी दुकानाच्या पायरीवरून पाहिलं. निंबाखाली दादा माईक धरून उभे होते आणि समोर नुसती माती. माईकवाल्या माणसानं थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यानं विचारलं, "साहेब, बंद करू का?" आणि उत्तराची वाट न बघता वायर गुंडाळायला लागला.